आजीच्या रेडिओवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचा मोबाईल साधा, बटणांचा. त्यामुळे हे तुमची सून वाचून दाखवेल तेव्हाच तुमच्यापर्यंत पोचणार. तिला सांगून ठेवलंय.

बारावीच्या सहामाहीचा माझा पेपर आठवतो? सोडियमच्या पिवळ्या उजेडाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, वारंवारता (सेकंदाला किती लाटा) काढा. नॅनोसाठी दहाचा उणे नववा घात घ्यायचा, मी अधिक घेतला. उत्तर आलं ०.०००५ हर्ट्झ, गुण शून्य. आजीचा रेडिओ न्यायला आले तेव्हा सोल्डर करता करता तुम्ही विचारलंत, "म्हणजे एक लाट किती वेळात?" मी भागाकार केला. जवळजवळ ३३ मिनिटं! "अगं, तेवढ्यात माझे दोन चहा होतात. हा उजेड आहे का पोस्टाची गाडी?"

मग तुम्ही रेडिओची काच पुसून पुढ्यात धरलीत. एका ओळीत मीटर, दुसरीत किलोहर्ट्झ. पुणे केंद्र ७९२ वर, आणि त्याच्या समोर ३५० नि ४०० मीटरच्या मधली जागा. "तीन लाखाला ७९२ नं भाग." ३७९! प्रकाश आणि रेडिओच्या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणून किलोहर्ट्झनं भागलं की थेट मीटर हातात येतात, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. एफएमच्या १०१ मेगाहर्ट्झसाठी ३०० ला १०१ नं भागायचं, म्हणजे २.९७ मीटर. "आता त्याचा चौथा हिस्सा?" ७४ सेंटीमीटर. तुम्ही दुसऱ्या एका सेटची एरियलची दांडी पूर्ण ओढून टेप लावलीत. ७५ भरली.

उजेडाच्या ऊर्जेचं मात्र, म्हणजे ज्या सूत्रात प्लँक या शास्त्रज्ञाचं नाव येतं त्याचं, तुम्ही आधीच सांगून टाकलंत, "हे प्लँक कोण मला ठाऊक नाही." पण रिमोटमधले दोन उतरलेले सेल काढलेत. व्होल्ट मोजायच्या मीटरवर दोन्ही मिळून २.३ व्होल्ट. लाल एलईडी मिणमिणला, निळा ढिम्म. नवे सेल लावले आणि निळाही लागला. घरी येऊन मी गणित मांडलं. १२४० ला नॅनोमीटरनं भागलं की एका फोटॉनची, म्हणजे उजेडाच्या एका कणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. लाल ६३० चा धरला तर १.९७, निळा ४६५ चा तर २.६७. एलईडी लागायला साधारण तेवढे व्होल्ट लागतात; अगदी तंतोतंत जुळत नाहीत, पण २.३ मध्ये निळा का अडला ते दिसतं. एफएमच्या लहरीचा फोटॉन तर सोडियमच्या फोटॉनच्या ५० लाखाव्या भागाएवढाही नाही, हे त्या रात्री मी तीनदा तपासून पाहिलं.

आणि हो, सोडियमचं बरोबर उत्तर सेकंदाला ५०९ लाख कोटी लाटा. वार्षिक परीक्षेत घात चुकला नाही.

पैसे विचारले तर "रेडिओचे ऐंशी दे, बाकीचं काय" म्हणालात. तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले, ते आज मानते.

ते उतरलेले सेल अजून माझ्या कंपासपेटीत आहेत, निळा एलईडीपण. दिवाळीत आले की आणून देते. आजीचा रेडिओ परत खरखरायला लागलाय, तोही घेऊन येते.

तुमची,
कोपऱ्यावरच्या वाड्यातली