गोठ्यातलं जाळं काढू नकोस

पोर्टलंड, मेन, अमेरिका
८ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मनू का रडत होती, ते परवा फोनवर नीट सांगता आलं नाही. रात्री वाचत होतो ते पुस्तक संपलं म्हणून.

‘शार्लट्स वेब’, १९५२ सालचं. लिहिणारे ई. बी. व्हाइट इथे मेनमध्येच नॉर्थ ब्रुकलिनला शेतावर राहत. विल्बर हे डुकराचं पिल्लू अशक्त जन्मतं, म्हणून शेतकरी कुऱ्हाड घेऊन निघतो, आणि त्याची आठ वर्षांची मुलगी फर्न त्याला अडवते. पुढे झुकरमनांच्या गोठ्यात विल्बरला कळतं, थंडीत आपल्याला कापणार. तेव्हा दाराच्या चौकटीतली कोळीण शार्लट त्याच्यासाठी जाळ्यात अक्षरं विणते: काय डुक्कर आहे! माणसं बघायला लोटतात, पुढे त्याला जत्रेत नेतात. टेम्पल्टन उंदीर हावरट, पण शब्दांसाठी कागदाचे कपटे तोच आणतो.

व्हाइटांचं स्वतःचं एक डुक्कर आजारी पडून, खूप धडपड करूनही गेलं होतं. त्यावर त्यांनी १९४८ साली लेख लिहिला. विल्बरला त्यांनी जगवलं ते त्यामुळेच, असं मला आपलं वाटतं.

शार्लट मात्र जत्रेतच थकते. ५१४ अंड्यांची पिशवी विणून होते आणि परतायचं बळ उरत नाही. विल्बर ती पिशवी तोंडात धरून घरी आणतो. शार्लट ओस पडलेल्या मैदानात मरते, आणि तेव्हा तिच्याजवळ कुणीच नव्हतं, असं व्हाइट सरळ लिहितात. तिथे माझा आवाज गेला. १९७० मध्ये पुस्तक ध्वनिमुद्रित करताना हाच भाग त्यांना स्वतःलाही सतरा वेळा वाचावा लागला म्हणे.

मनूनं विचारलं, “आजोबांजवळ कोण होतं?”
“आजी.”
“तू नव्हतीस ना?”
नव्हते, म्हटलं. मग तीच माझ्या कुशीत शिरली. आई, बाबांचं हे मी तुझ्याशीही कधी बोलले नाही.

वसंतात अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात आणि बहुतेक सगळी वाऱ्यावर उडून जातात. तिघी तेवढ्या तिथेच राहतात. त्यांची नावं मनूनं वहीत लिहून ठेवलीत, जॉय, अरानिया, नेली.

डिसेंबरात आम्ही येतो. दिवाळीची झाडलोट करशील तेव्हा गोठ्यातल्या आढ्याखालचं जाळं तेवढं राहू दे. गड्यालाही सांगून ठेव. मनूला आजोबांची गव्हाण आणि ते जाळं, दोन्ही बघायचंय.

तुझी,
सुमा