मामा, बिलात न लावलेल्या कामाबद्दल थँक्यू

मामा, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही मला माहितीय, तुमच्या मोबाईलवर खासबागच्या कुस्त्यांशिवाय काय उघडत नाही, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय की संध्याकाळी मशीन बंद झालं की बसवून वाचून दाखव, आणि मधेच "बास कर गं त्याचं पुराण" म्हणाले तरी थांबू नकोस. तोंडावर आभार मानायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळेला तुम्ही लेथ चालू केला. मग असं सगळ्यांसमोर लिहायला लागालंय.

माझ्या जुन्या येझदी मोटरसायकलच्या इंजिनाचं काम करून तुम्ही कॅलेंडरच्या पानामागं पेन्सिलनं लिहून दिलेलं बिल अजून माझ्या पाकिटात आहे. बोअर होनिंग, क्रँक प्रेस, रॉड किट बसवणे, दोन बुश, आटे पाडणे एक. बेरीज 4,650. गेले चार महिने ते बिल बघालोय आणि मला वाटतंय यात खरी कामं लिहिलीच नाहीत. उदाहरणार्थ आधी बघितलेली ती जयसिंगपूरकडची गाडी. तिचं काहीच लावलं नाही तुम्ही.

ती आठवतीय का, लाल-काळी येझदी, क्रोम असं की दाढी करावी त्यात बघून. मी 5,000 टोकन देऊन आलो होतो आणि तुम्हाला फक्त दाखवायला म्हणून घेऊन गेलो, म्हणजे खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला. तुम्ही इंजिनकडं बघितलंच नाही. किक मारली नाही, सायलेन्सरला हात लावला नाही, सरळ हँडलखाली गळ्यावरच्या चासी नंबरवर अंगठा फिरवला, मोबाईलची बॅटरी लावून आडवा उजेड टाकला आणि म्हणालात, "चल, जाऊया." रस्त्यात तासभर मी फुगून बसलो होतो. मग रंकाळ्यावर भेळ खाताना तुम्ही सांगितलं की आकडे एका ओळीत नाहीत, एक आकडा खोल एक वर, आणि खाली ग्राइंडर फिरल्याची धार हाताला लागतीय. आयुष्यभर लोखंडावर आकड्यांचे पंच मारलेल्या माणसाला दुसऱ्यानं मारलेला पंच कळतोच. आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत होता हो, पण जुळवलेला होता. टोकन बुडालं. ती गाडी घेतली असती तर किती बुडालं असतं हा हिशोब मी नंतर केला, आणि बायकोला अजून सांगितलेला नाही, आता कळेल.

त्यानंतर शाहूपुरी कुंभार गल्लीतली ही. हिच्याकडं बघून मीच नको म्हणालो होतो. टाकी गंजलेली, सीटमधून काथ्या बाहेर, चाक फिरत नाही, किक खाली जात नाही. तुम्ही हेडलाइटची काच काढली आणि आत रिफ्लेक्टरवर अर्ध्यात एक सरळ चॉकलेटी रेघ होती, तिथंवर गाळ. "हिनं पूर बघितलाय," असं म्हणालात. मालक काका लगेच म्हणाले व्हय, 2019 चा, ऑगस्टात आठ दिवस पंचगंगा घरात होती, गाडी वर उचलायला माणूसच नव्हता. मी मागं सरकलो आणि तुम्ही पुढं झालात. "चिखल धुवून जातोय. त्यो नंबर कशानं धुणार?" एवढंच. 28,000 ला घेतली. 1981 ची क्लासिक, दोन सायलेन्सरवाली, आणि टेम्पोत घालताना तुम्ही वर चढून स्वतः दोर बांधला कारण माझी गाठ तुम्हाला पटली नाही.

(नातीसाठी थोडं: जावा मूळची चेक गाडी. आपल्याकडं मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1960 च्या सुमारास बनायला लागली, पुढं त्याच घराण्याची गाडी येझदी नावानं आली, इराणातल्या यझ्द गावावरून पडलेलं नाव, आणि 1996 ला कारखान्याला कुलूप. आता परत त्याच नावानं नव्या गाड्या आल्यात पण त्या फोर स्ट्रोक, त्यांचं इंजिन आणि आमच्या टू स्ट्रोकचं इंजिन यांची ओळखसुद्धा नाही. त्यामुळं तुझ्या आजोबांसारखी माणसं हाच काय तो स्पेअर पार्ट.)

वर्कशॉप म्हणजे आमच्या शिवाजी पेठेतल्या घरामागचा म्हशींचा गोठा. म्हशी जाऊन दहा वर्षं झाली पण पावसात अजून वास येतो. तिथं फळी टाकली, एलईडी लावली, ऑनलाइन सॉकेट सेट मागवला आणि मला वाटलं झालो मी मेस्त्री. गिअर बॉक्सचं ऑईल काढलं तर दूध जास्त झालेला चहा बाहेर आला. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून चार दिवस ठेवलं, पाचव्या दिवशी पिस्टन हलला, त्या आनंदात मी डायनामोचं आर्मेचर, म्हणजे त्याचा फिरता भाग, काढायला घेतलं. ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं हे मला माहिती होतं, ते ओढून काढायला पुलर लागतो हेही माहिती होतं, पण रात्रीचे साडेदहा वाजलेले, पुलर नव्हता, हातोडा होता.

पुढचं तुम्हाला माहितीय. आर्मेचर निघालं नाही आणि क्रँकच्या टोकाचे आटे चेपले. रात्रभर झोप नाही. सकाळी उद्यमनगरात तुमचं शटर वर व्हायच्या आधी मी बाहेर उभा होतो, शाळेत वही विसरलेल्या पोरासारखा. तुम्ही काय बोलाल याची तयारी करून आलो होतो आणि तुम्ही काहीच बोलला नाही, नुसतं विचारलं, "कशानं मारलास, लोखंडी का तांब्याच्या?" लोखंडी म्हटल्यावर मान हलवली, भंगारातून एक जुना बोल्ट उचलला, लेथवर लावला, दहा मिनिटांत त्याचा पुलर केला. मधला बोल्ट काढायचा, त्या जागी हा पिळायचा, याचं टोक क्रँकला टेकतं आणि आर्मेचर आपोआप मागं येतं. आटे साफ झाल्यावर अर्ध्या फेऱ्यात टक् करून सुटलं. अर्धा फेरा! बिलात "आटे पाडणे एक" आहे. पुलर नाही.

आता क्रँकचं. मामा, त्या दिवशी मी दुकानात तीन तास बसलो होतो आणि ऑफिसला पोट बिघडलंय म्हणून कळवलं होतं. टू स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेअरिंगला वेगळं ऑईल नसतं, पेट्रोलबरोबर येतं तेवढंच, त्यामुळं पुराचा बारीक गाळ रॉडच्या खालच्या बेअरिंगमध्ये बसला तर तो घासपेपरचंच काम करणार, हे तुम्ही मला जुना रोलर नखावर फिरवून दाखवलं. मग प्रेसवर क्रँक फोडली, नवीन पिन, नवीन रॉड, परत प्रेस. मला वाटलं झालं. तुमच्या दृष्टीनं तेव्हा कुठं काम सुरू झालं होतं. क्रँक सरळ फिरतीय का बघायला व्ही ब्लॉकवर ठेवून डायल लावला, हळूहळू फिरवताय, सुई कुठं उचलतीय बघून खडूनं खूण करताय, तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका, परत फिरवायचं, परत ठोका. बोलणं बंद. बाहेर कोणतरी पंपाचा शाफ्ट घेऊन आला त्याला हातानंच थांब म्हणालात. सुई मिलिमीटरच्या दोन शतांशाच्या आत आली तेव्हा मी टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात तुम्ही आणखी एक ठोका मारला आणि ती अजून खाली गेली. आपलं कोल्हापूर ऑइल इंजिनावर वाढलं, म्हादबा मेस्त्रींपासूनची परंपरा वगैरे आम्ही भाषणात ऐकतो, पण ती परंपरा म्हणजे हा असला जादाचा एक ठोका, असं मला त्या दिवशी वाटलं. पोट बिघडल्याचं सार्थक झालं.

बोअरच्या वेळी मात्र मी चिडलो होतो, ते कबूल करतो. 65 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे पिस्टन चालतो ते भोक, गाळानं ओरखडे आलेले, अर्धा मिलिमीटर मोठं करून पॉइंट पन्नासला जावं लागणार हे तुम्हीच मापून सांगितलं. म्हटलं मग मारा पन्नासचा बोअर, पिस्टन चार दिवसात येतोय. "पिस्टन आण, मग बोअर." म्हटलं डब्यावर लिहिलंय की. "डबा बसवायचाय का आत?" दुकानातल्या पोरांसमोर म्हणालात, ते लागलं मला. मग पिस्टन आला, तुम्ही मायक्रोमीटर माझ्याच हातात दिला, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचा त्याच साइजचा दुसऱ्या मेकचा पिस्टन पण मापायला लावला. दोन्ही डब्यांवर पन्नास, आणि दोघांत दीड थाऊचा फरक, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिस्टन आणि बोअरमध्ये अडीच-तीन थाऊ क्लिअरन्स ठेवायचा आणि त्यात दीडची चूक म्हणजे पिस्टन एक तर वाजणार, नाहीतर घाटात चिकटणार. तेव्हापासून मी डबा बघून काहीही विकत घेत नाही, मिक्सरसुद्धा.

पहिला स्टार्ट. किक आणि गिअर एकाच दांडीवर, आत दाबून वर फिरवली की किक, सोडली की गिअर, त्या नादात माझ्या नडगीला दोनदा लागलं. तिसऱ्या किकला चालू झाली. आणि असा पांढरा धूर निघाला की गल्लीला वाटलं डास मारायची गाडी आली, समोरच्या काकींचे वाळत घातलेले सांडगे त्या दिवशी टू टी ऑईल फ्लेवरचे झाले. मी घाबरून फोन केला तर तुम्ही धुराबद्दल एक शब्द विचारला नाही. "गिअरचं ऑईल किती उरलंय बघ." बघितलं तर कमी झालेलं. "क्लचकडचं सील उलटं घातलाईस." फोन कट. मी इकडं क्लच, साखळी सगळं उतरवून बघतोय तर खरंच सीलचा ओठ उलट्या बाजूला. पिस्टन वर जाताना खालची क्रँकची पेटी आत ओढते, सील धरत नसलं की शेजारचं गिअरचं ऑईल आत, तेच जळालं. दोन किलोमीटरवरून, गाडी न बघता. डॉक्टर लोक एवढ्यावर हजार रुपये घेतात. आणि तुम्ही म्हणालात तसं हे सील बरं, धूर काढून सांगतं तरी, डायनामोकडचं सील हवा ओढायला लागलं तर काही न सांगता पिस्टन जाम होतो. म्हणून मी दोन्ही नवीन घातली. ओठ तीन वेळा बघून.

रंगाच्या बाबतीत आपलं जमलं नाही, ते तसंच राहू दे. तुमचं म्हणणं टाकीवरची जुनी हातानं मारलेली रेघ ठेवायची, घासायचीच नाही. मी घासली. मरून मारला. चांगला दिसतोय, लोकं वळून बघतात, पण तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारून "हं" म्हणाला होता आणि तो "हं" मला टाकीत पेट्रोल भरताना दर वेळी ऐकू येतोय. एका बाजूच्या डब्याची रेघ मी ठेवलीय तशीच. सांगितलं नव्हतं.

आरटीओच्या कागदपत्रांचं काय सांगत बसत नाही, गाडी नावावर करायला फॉर्म 29, फॉर्म 30, मग रिन्यूअलचा 25, पर्यावरण कर, नंबरचा पेन्सिल ट्रेस. ट्रेस घेताना साहेबांनी नंबरवर अंगठा फिरवला आणि मला तुमची आठवण आली. स्वच्छ, एका ओळीत, कारखान्याचा पंच. पुढच्या मिनिटाला शिक्का.

पेट्रोलच्या लिटरला 40 मिली ऑईल, इग्निशन पॉइंटचा गॅप 0.4 मिलिमीटर, पहिले 500 किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, सगळं पाळलं. 500 झाल्यावर पन्हाळ्याला गेलो, एकटाच, पहाटे. वाघबीळच्या चढाला ती तिसऱ्यात अशी गुरगुरत वर गेली की मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं हसालोतो. वर जाऊन झुणका भाकर खाल्ली, इंजिनला हात लावून बघितला, गरम पण शहाणं गरम. तुम्हाला मागं बसा म्हटलं होतं तर "माझी कंबर बोअर झालीय, साइज संपला" म्हणालात, त्यावर मी काय बोलणार.

तर 4,650 दिलेत, ते लेथचे. जयसिंगपूरचा अंगठा, कुंभार गल्लीतला दोर, रात्री नऊनंतरचे फोन, मामींनी दर वेळी पुढं सरकवलेला भडंग, याचे पैसे विचारले तर तुम्ही परत लेथ चालू करणार. म्हणून विचारत नाही. गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दूध माझ्याकडून, महिनाभर, दुकानदाराला आधीच पैसे देऊन ठेवलेत, ते परत मिळत नाहीत असं त्यानं सांगायचं ठरलंय.

आणि मामा, राग येऊ देऊ नका, पण कालपासून तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना मधेच एक खट् येतंय. दर वेळी नाही. ऑईल बघितलंय, बरोबर आहे. काहीही उघडलेलं नाही, हातोडा वरच्या फळीवर आहे. रविवारी सकाळी घेऊन येऊ का?