फुफ्फुस बसवल्यानंतरचे कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीन कॉरिडॉर करून अवयव वेळेत पोचवल्याच्या बातम्या आपण पहिल्या पानावर छापता. छापाव्यातच. पण पेशंट हार घालून घरी आला की बातमी संपते.

माझ्या धाकट्या भावाला चार वर्षांपूर्वी चेन्नईत दोन्ही फुफ्फुसे बसवली. रोज सकाळी चहाआधी तो एका छोट्या यंत्रात जोर लावून फुंकतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा भावजय कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. दिवाळीला २.४ लिटर होता, शिमग्यापर्यंत १.९ झाला. ताप नाही, खोकलाही फारसा नाही. आम्ही थंडीवर ढकलले. डॉक्टरांनी सांगितले, आधीच्या चांगल्या आकड्यापेक्षा २० टक्के घट टिकून राहिली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर ते क्रॉनिक रिजेक्शन.

म्हणजे शरीर परक्या अवयवाशी भांडत राहते आणि बारीक श्वासनलिका आतून बुजत जातात. टोरांटोत १९८३ साली पहिले दीर्घकाळ टिकलेले फुफ्फुस प्रत्यारोपण झाले. ऑपरेशन तेव्हापासून पुष्कळ सुधारले, पण आजही पाच वर्षांत जवळपास निम्म्या पेशंटना हे गाठते. अझिथ्रोमायसिन (आपल्याकडे सर्दीखोकल्याला सर्रास देतात तेच) काहींना लागू पडते. पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांच्यावर अतिनील किरण सोडण्याचाही उपचार आहे. गेलेला दम हमखास परत आणणारे औषध मात्र अजून नाही.

मूत्रपिंड पोटात झाकलेले असते, फुफ्फुस दर श्वासाला बाहेरची हवा घेते. म्हणून संशोधक व्हायरल इन्फेक्शन, घशाशी येणारे आम्ल आणि प्रदूषण यांच्याकडे बोट दाखवतात. आमच्या निपाणी भागात ऊस तुटला की पाचट पेटते, काजळी वाळवणावर येऊन बसते. भाऊ खिडक्या लावून आत. शेजारी म्हणतात, "नवी फुफ्फुसं घातलीत की, मग आता कसला त्रास?"

हे फुंकण्याचे यंत्र तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असावे, एवढे तरी आपण लावून धरा. आम्हाला तपासणीला कोल्हापूर गाठावे लागते. आणि छातीच्या एखाद्या डॉक्टरांकडून यावर मराठीत लिहून घ्या. कॅलेंडरची पाने लागली तर पाठवतो, भाऊ हो म्हणाला आहे.

आपला,
एक वाचक, निपाणी