पार्किंगच्या जमिनीतही पाणी मुरू द्या

महोदय,

जळगावातून जाणाऱ्या महामार्गालगत गेल्या काही वर्षांत व्यापारी संकुले आणि मंगल कार्यालये झपाट्याने उभी राहिली आहेत. त्यांपैकी एका संकुलात यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात मी तासभर अडकलो होतो. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी होते. आदल्याच दिवशी त्याच आवारातल्या लॉनसाठी पाण्याचा टँकर आलेला मी पाहिला होता.

एक हजार चौरस मीटर जागेवर ४० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४० हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर तेवढ्याच जागेवर सात लाख लिटर पाणी पडते आणि काँक्रीटवरून जवळजवळ सगळे गटारात जाते. बांधकाम परवानगीसाठीच्या राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले आहे. त्यामुळे गच्चीवरून एक पाइप खाली उतरतो, शोषखड्डा नकाशावर दिसतो आणि काम संपते. गच्चीपेक्षा पुष्कळदा मोठी असलेली पार्किंगची जागा मात्र हिशेबातच येत नाही.

यावर उत्तर म्हणून पेव्हर ब्लॉक दाखवले जातात, पण केवळ ब्लॉक बसवल्याने पाणी मुरत नाही. बारीक कच दाबून अंथरायची, वर ब्लॉक ठेवायचे आणि सांधे सिमेंटने भरायचे, ही आपली नेहमीची रीत. तिचा परिणाम काँक्रीटपेक्षा फारसा वेगळा नसतो. पाणी मुरायचे असेल, तर सांधे रुंद हवेत, त्यांत बारीक धुतलेली खडी हवी आणि खाली एकसारख्या आकाराच्या, भुकटी नसलेल्या खडीचा जाड थर हवा. अशा खडीत सुमारे चाळीस टक्के पोकळी असते, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या थरात जवळपास १२० मिलिमीटर पाऊस मावतो.

खानदेशात खरी अडचण त्याच्याही खाली आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. फुगलेली माती पाणी फार हळू घेते आणि वरची फरसबंदी उचलते. त्यामुळे अशा जागी माती पुरेशी काढून मुरूम भरणे, तळाशी छिद्रांचा पाइप टाकणे आणि जादा पाणी शोषखड्ड्याकडे नेणे आवश्यक ठरते. याउलट यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूच्या पट्ट्यात पाणी सहज मुरते, आणि केळीच्या बागांसाठीच्या उपशाने भूजल खोल गेले ते नेमके तिथेच. दोन्हीकडे एकच नकाशा चिकटवून चालणार नाही. गॅरेज आणि पेट्रोल पंपाच्या आवारात मात्र हे मुळीच करू नये; तिथले तेल पाण्याबरोबर भूजलात उतरेल.

बागेबद्दल थोडेच लिहितो. मे महिन्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज निदान पाच लिटर पाणी लागते, म्हणजे हजार चौरस मीटरला रोज पाच हजार लिटर. जिल्ह्यातल्या केळीला थेंब मोजून ठिबकने पाणी मिळते आणि शहरातल्या शोभेच्या गवतावर पाइप मोकळा सोडलेला असतो, हे मला तरी पटत नाही. कडुनिंब, करंज, बहावा, आपटा ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे ठिबक आणि पालापाचोळ्याचे आच्छादन मिळाल्यास पुढे आपल्या बळावर उभी राहतात. शिवाय गाड्यांना सावली मिळते, जी लॉन कधीच देणार नाही.

माझी विनंती नगररचना विभागाला आहे. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी पार्किंगच्या तीन-चार ठिकाणी प्रत्येकी एक बादली पाणी ओतून पाहावे. ते जागीच जिरत नसेल, तर तेवढा भाग उकरून पुन्हा बसवल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ सांध्यांत बसते, म्हणून दरवर्षी मे महिन्यात सांधे झाडून पुन्हा खडी भरण्याची अटही परवानगीतच लिहावी आणि पहिल्या पावसाआधी हीच बादलीची परीक्षा पुन्हा घ्यावी.

आपला,
एक वाचक, जळगाव