आरोग्यमंत्री महोदय, कपाटात चारच कुप्या होत्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी आहे. डावा हात प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे हे पत्र एका हाताने टाइप करतो आहे. आपण कामात असता हे जाणतो, तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या आठवड्यात रात्री सोयाबीनच्या रानातून एका तरुण शेतमजुराला आणलं. घोणस चावलेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. आमच्याकडे मोठी मशिनं नाहीत, पण विषाने रक्त गोठायचं थांबलंय का, हे पाहणारी एक चाचणी कुठेही होते. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गुठळी नावाला नाही. अशा रुग्णाला सुरुवातीलाच सर्पदंशाच्या लसीच्या ८ ते १० कुप्या लागतात. कपाटात चार होत्या. मागणीपत्र पावसाळ्याआधीच गेलं होतं, त्याची पोच माझ्याकडे आहे.

चारही दिल्या, रेफर चिठ्ठी लिहिली, १०८ला फोन लावला. गाडी दुसऱ्या केसवर होती. ती येईपर्यंत नातेवाइकांचा धीर सुटला. ‘लस आहे, पैशासाठी लपवून ठेवलीय’ असं कुणीतरी ओरडलं आणि लोखंडी खुर्ची माझ्या हातावर बसली. सिस्टर मध्ये पडल्या, त्यांनाही ढकललं. त्या पाच महिन्यांच्या गरोदर आहेत. वॉर्डबॉय एकटा काय करणार? २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात महिला डॉक्टरवर बलात्कार आणि खून झाल्यानंतर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रात्रीचा सुरक्षारक्षक देऊ, असं आम्हाला बैठकीत सांगितलं होतं. रक्षक आजतागायत आलेला नाही. कॅमेरे बसवले, ते बंद पडलेत.

तो मुलगा आता डायलिसिसवर आहे, घोणशीचं विष मूत्रपिंडाला असंच धरतं. मला मारणाऱ्या त्याच्या भावावर माझा राग आहेच, पण त्याहून जास्त राग त्या रिकाम्या कपाटाचा आहे. कपाट भरलेलं असतं तर त्याने माझ्यावर हात उचलला नसता.

पहाटे पोलीस ठाण्यात गेलो तर अदखलपात्र नोंद करून घेतली. ‘डॉक्टरसाहेब, गावात राहायचंय ना? मिटवून टाका.’ डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० चा आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. ठाणे अंमलदाराला तो माहीत नव्हता, मी मोबाइलवर दाखवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्वतःच्या रुग्णालयांना आदेश काढला की हल्ला झाल्यास सहा तासांत संस्थेनेच गुन्हा नोंदवायचा. आमच्या संस्थेने मला विचारलं, ‘तुम्ही नातेवाइकांशी नीट बोलला नव्हता का?’

आई रोज फोनवर म्हणते, नोकरी सोड, इथे येऊन दवाखाना टाक. हात दुखतो म्हणून झोप नाही, आणि झोप लागली की दार वाजल्याचा भास होतो. ११ महिन्यांच्या करारात आजारपणाची रजाही मागून घ्यावी लागते. पगार कधी वेळेवर नाही. मला मार लागला याची भरपाई कुणी द्यायची, याचं उत्तर एकाही टेबलावर मिळालं नाही.

आणि हे एकट्या माझं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. पुढे काय झालं? एका खासदारांनी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय धुवायला लावलं. औषधं का नव्हती, पदं रिकामी का, हा जाब त्या दिवशी विचारायला हवा होता. भारतीय न्याय संहितेत उपचारात हयगय होऊन मृत्यू झाला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. औषध न पाठवणाऱ्याला कुठलं कलम लागतं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलंय. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. तज्ज्ञांची पदं भरायची नाहीत आणि एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथी डॉक्टरांच्या वैद्यक परिषदेत नोंदवायचं, यावरून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये डॉक्टरांना संप करावा लागला. माझे होमिओपॅथ मित्र मेहनती आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. भांडण डॉक्टरांचा आकडा कागदावर फुगवण्याशी आहे. आमच्याकडे भूलतज्ज्ञच नाही, त्यामुळे सिझेरियनची बाई ५० किलोमीटर पुढे पाठवावी लागते. कुठला कोर्स ती जागा भरणार आहे?

केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे आहेत. ते दिल्लीत बसून निम्मे होणार नाहीत, आमच्या कपाटातल्या लसीने होतील. म्हणून मागतो: दर मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लसीच्या किमान ३० कुप्या आणि प्रत्येक रुग्णालयाचा साठा जनतेला दिसेल असा रोजचा फलक. म्हणजे लस लपवली की आलीच नाही, हे नातेवाइकांनाही कळेल. रात्रपाळीला रक्षक. २०१० च्या कायद्याची प्रत प्रत्येक ठाण्यात आणि गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी रुग्णालयावर.

या पत्राबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला जाईल, करारही कदाचित वाढवणार नाहीत. खुलासा देईन, सोबत मागणीपत्राची पोच जोडीन. लसीच्या मागणीपत्राला मात्र अजून उत्तर नाही, ते आधी द्यावं.

आपला,
एक वैद्यकीय अधिकारी