लेहला येणाऱ्या सगळ्यांसाठी
मंडळी, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणून विमानातून उतरल्या उतरल्या खारदुंगला या आणखी उंच खिंडीचं नाव काढू नका, पहिले दोन दिवस आराम आणि भरपूर पाणी, आणि डोकं दुखलं किंवा उलटी झाली तर लपवू नका, लगेच सांगा प्लीज. बरं वाटलं तर संध्याकाळी मेन बाजारात हळूहळू फिरा, फुटपाथवर बसणाऱ्या लडाखी बायकांकडे सुकी जर्दाळू मिळतात. पनीर-नान घरी आल्यावर खा हो, तिथे थुक्पा (नूडल्सचं सूप), स्क्यू (कणकेचे तुकडे घातलेला भाज्यांचा रस्सा), आणि सकाळी ‘खंबीर’ या लडाखी रोटीसोबत लोण्याचा खारट चहा एकदा तरी घ्याच. लेह पॅलेस नऊ मजली, चढ भरपूर, तो तिसऱ्या दिवशी. थिकसे मठातल्या सकाळच्या प्रार्थनेला फोन सायलेंट ठेवा. बीपी, दमा असणाऱ्यांनी आत्ताच डॉक्टरांना विचारून घ्या.