बांधावरचा आंबा आणि नातीचा बाप्तिस्मा

संपादक महोदय,

गेल्या रविवारी वेंगुर्ल्यात माझ्या नातीचा बाप्तिस्मा झाला. जावयाच्या घरी त्याला स्नानसंस्कार म्हणतात. ते कॅथलिक, आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे. लग्नाच्या वेळी 'मुलगी त्यांच्यात गेली' अशी कुजबुज झाली होती. पण लेकीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. आमचं चर्च तरी काय, 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे होते, न देणारेही.

खरी अडचण घरातच होती. बांधावरच्या रायवळ आंब्यावरून थोरल्या भावाशी माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तो आला, मागच्या बाकावर बसला. 'सैतानाचा त्याग करता का?' असं फादरांनी विचारलं, तेव्हा त्याचा खणखणीत होकार ऐकू आला. माझा घशातच अडकला. नंतर अंगणात तो एवढंच म्हणाला, "आंबे पिकले की धाडतंय गो."

18 ते 25 जानेवारीला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. आमच्याकडच्या चर्चनी तेव्हा एक संध्याकाळ तरी एकत्र बसावं. चहा आणि खाज्याचं मी बघते.

– एक आजी, वेंगुर्ले